एकाच नाकपुडीतून वाहणारा शेंबूड: कुत्र्याच्या नाकातली बुरशी ओळखायची कशी, घालवायची कशी

राजा पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला तो श्रावणात. पाच वर्षांचा जर्मन शेफर्ड, वजन ३४ किलो, पन्हाळ्याच्या पायथ्याला असलेल्या एका गुऱ्हाळाचा राखणदार. मालक म्हणाले, "मॅडम, उजव्या नाकातनं शेंबूड येतोय बघा, सर्दी झाल्यागत. चार-सहा शिंका देतोय आन् गप पडतोय." मी ताप पाहिला, घसा पाहिला, छाती ऐकली आणि दहा दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं. शेंबूड कमी झाला. औषध संपलं आणि आठवड्यात पुन्हा सुरू झाला. मी दुसरं अँटिबायोटिक दिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, राजाचा घोळणा फुटला होता, आणि उजव्या नाकपुडीची कड, जी काळीभोर असायला हवी, ती गुलाबी पडून सोलवटली होती. ती कड पाहिली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडीच महिने मी बुरशीला अँटिबायोटिक पाजत होते.

अँटिबायोटिकने शेंबूड कमी होतो, हीच यातली फसगत. बुरशीने आतलं अस्तर खराब केलं की त्यावर जिवाणू येऊन बसतात. गोळ्यांनी ते जिवाणू मरतात, पिवळेपणा जातो, सगळ्यांना बरं वाटतं. बुरशी तशीच वाढत राहते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे: एकाच नाकपुडीतून घट्ट शेंबूड तीन आठवड्यांहून जास्त येत असेल, किंवा अँटिबायोटिक थांबवलं की परत येत असेल, तर पुढची पट्टी मागू नका. नाकाच्या आत बघायला सांगा.

ही बुरशी आहे तरी काय

बहुतेक वेळा ती अॅस्परजिलस फ्युमिगेटस असते. कुजणारा पाला, शेणखत, भिजलेला कडबा, बुरसटलेलं धान्य, पावसात गरम झालेला चिपाडाचा ढीग, सगळीकडे तिचे बीजकण असतात. उबेत ती जोमाने वाढते. तिचे कण आपण आणि आपली कुत्री रोज नाकातून आत घेतो आणि बाहेर टाकतो. काही कुत्र्यांच्या नाकात मात्र ती मूळ धरते. लांब आणि मध्यम नाकाच्या कुत्र्यांत हे दिसतं: जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, आपली गावठी कुत्रीसुद्धा. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत क्वचितच. वय बहुधा तरुण ते मध्यम, पण म्हाताऱ्या कुत्र्याला होत नाही असं नाही.

कुत्र्याच्या नाकात कागदाच्या सुरळ्यांसारखी नाजूक हाडं असतात, अस्तराने मढवलेली. हवा गरम करणं, धूळ अडवणं आणि वास घेणं ही कामं याच जागेतून होतात. ही बुरशी अस्तरावर थर धरून बसते, शरीरात खोल शिरत नाही. पण तिची विषारी द्रव्यं आणि तिच्याशी लढताना येणारी सूज मिळून त्या सुरळ्या विरघळवून टाकतात. महिन्या-दोन महिन्यांत नाकाच्या आत पोकळी तयार होते. एकदा गेलेल्या सुरळ्या पुन्हा येत नाहीत. उशीर महाग पडतो तो यामुळे.

२०२१ मध्ये करोनाच्या रुग्णांत म्युकर, म्हणजे काळी बुरशी पसरली, तेव्हापासून बुरशी म्हटलं की घरातली माणसं दचकतात. "डॉक्टर, हे म्युकर तर नव्हे?" असं मला आजही विचारतात. नव्हे. ती बुरशी वेगळी, तिची चाल वेगळी. राजाच्या नाकातली बुरशी राजाकडून मालकाला लागत नाही, शेजारच्या कुत्र्यालाही लागत नाही. घरात कोणाची केमोथेरपी सुरू असेल, किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील, तर त्या माणसाने बुरसटलेल्या वैरणीपासून आणि कुत्र्याच्या जुन्या अंथरुणाच्या धुळीपासून लांब राहावं, एवढं पुरे.

घरी काय पाहायचं

दवाखान्यात कुत्रं घाबरलेलं असतं. पुष्कळ गोष्टी घरीच नीट कळतात, आणि त्या तुम्ही लिहून आणल्यात तर माझं निम्मं काम होतं.

शेंबूड कोणत्या नाकपुडीतून आहे, आणि कधीपासून. सुरुवात एका बाजूने झाली आणि मग दोन्हीकडे पसरला, हे सांगितलंत तर फार उपयोग होतो. रंग कसा, रक्ताची रेघ आहे का, वास येतो का. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

नाकाचा शेंडा आणि नाकपुडीची कड उजेडात नेऊन पाहा. शेंबूड जिथून ओघळतो तिथला काळा रंग उडून गुलाबी झाला असेल, खपली किंवा चर पडली असेल, तर बुरशीचा संशय खूप बळावतो. निव्वळ सर्दीत असं होत नाही. शेंबूड पुसून पाहा, कारण खपलीखाली ही खूण लपून राहते. मी स्वतः दोन वेळा ती खपली न पुसता राजाला घरी पाठवलं होतं.

मग हात फिरवून पाहा. नाकाच्या पुलावर, डोळ्यांच्या मध्ये, कपाळाच्या खाली. या आजारात चेहरा दुखतो. एरवी डोकं मांडीत खुपसणारं कुत्रं डोकं बाजूला काढून घेतं, जबडा धरू देत नाही, पट्टा तोंडावरून चढवताना कुरकुरतं. राजाच्या घरी लहान मुलगी आहे. तिनेच सांगितलं, "तो आता डोक्यावर हात लावू देत नाही." आम्ही मोठ्यांनी ते रागीटपणा म्हणून सोडून दिलं होतं.

आता एक साधी चाचणी, जी मला फार आवडते. स्टीलची लहान ताटली किंवा आरसा फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवा. कुत्रं शांत बसलेलं असताना ती नाकाखाली, अंगठ्याएवढ्या अंतरावर आडवी धरा. श्वास सुटला की त्यावर वाफेचे दोन ठिपके उमटतात. दोन्ही सारखे आले म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. एकच ठिपका आला, दुसरा उमटलाच नाही, तर त्या बाजूला काहीतरी अडकून बसलं आहे आणि गाठीचा विचार आधी करावा लागतो. बुरशीत गंमत उलटी असते. आतल्या सुरळ्या झिजून जागा मोठी झालेली असते, त्यामुळे शेंबूड भरपूर असूनही हवा छान जाते. राजाच्या ताटलीवर उजवा ठिपका डाव्यापेक्षा मोठा होता. घट्ट शेंबूड दाटला असेल तर ही चाचणी चकवू शकते, म्हणून आधी कोमट ओल्या कापडाने नाक पुसून घ्या आणि तीन-चार वेळा करून पाहा.

बुरशीसारखं दिसणारं, पण बुरशी नसलेलं

आपल्या भागात घोळणा फुटलेल्या कुत्र्याला पहिल्यांदा गोचीड तापासाठी तपासायचं. एर्लिकियात, म्हणजे गोचिडातून होणाऱ्या या तापात, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, घसरतात आणि नाकातून रक्त येतं. हिरड्यांवर, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का पाहा. उंदराचं विष खाल्लं असलं तरी रक्त थांबत नाही. उंदीर मारायला काही ठेवलं होतं का हे खरं सांगा, लाजू नका.

दिवाळीच्या आसपास माळावरचं गवत पिकतं आणि कुसळं सुटतात. कुसळ नाकात गेलं की शिंका अचानक, एकापाठोपाठ एक, डोकं आपटत, पंजाने नाक घासत. सकाळी फिरायला गेलेलं कुत्रं दुपारी असं करू लागलं तर आधी कुसळच शोधायचं. काही दिवसांनी शिंका कमी होतात, शेंबूड सुरू होतो, आणि मग चित्र बुरशीसारखं दिसायला लागतं. राधानगरी, चंदगड, आंबोली, कोकणातले ओढे, इथे पाणी प्यायलेल्या कुत्र्याच्या नाकात जळू चढते. रक्त पातळ, ताजं, थांबून थांबून येतं. पाण्याची वाटी नाकाजवळ धरली की ती कधी कधी डोकं बाहेर काढते.

दात विसरू नका. वरच्या सुळ्याचं मूळ नाकाला अगदी लागून असतं. तिथे पू झाला की भोक पडून तो नाकातून वाहतो, आणि प्यायलेलं पाणीसुद्धा नाकातून येतं. वरच्या मोठ्या दाढेचं मूळ खराब झालं तर डोळ्याखाली सूज येते.

मोकाट फिरणाऱ्या, नसबंदी न झालेल्या कुत्र्यांत आणखी एक गोष्ट आपल्याकडे वारंवार दिसते: टीव्हीटी, म्हणजे समागमातून पसरणारी गाठ. ही गाठ हुंगण्या-चाटण्यातून नाकातही रुजते. रक्त येतं, नाकाचा पूल फुगतो. मालकांना कॅन्सर ऐकून धडकी भरते, पण व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बहुतेक कुत्र्यांत पूर्ण विरघळते. म्हणूनच नमुना न तपासता "गाठ आहे, काही होणार नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकून परत जाऊ नका. म्हाताऱ्या कुत्र्यात मात्र कॅन्सरच्या इतर गाठी जास्त असतात. चेहरा एका बाजूला वाकडा दिसतो, एका बाजूची हवा बंद होते. तळ्यात डुंबणाऱ्या कुत्र्याच्या नाकपुडीत स्ट्रॉबेरीसारखी लालसर, पांढरे बारीक ठिपके असलेली मऊ गाठ दिसली तर बहुधा रायनोस्पोरिडियम, म्हणजे पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाचा संसर्ग असतो. ते शस्त्रक्रियेनेच काढायचं.

घोळणा फुटलेलाच असेल तर: कुत्र्याला शांत, थंड जागी ठेवा. नाकाच्या पुलावर कापडात गुंडाळलेला बर्फ धरा. डोकं मागे वाकवू नका, नाकात कापूस कोंबू नका. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन यांतलं काहीही देऊ नका. त्यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. नाक मोकळं करायचे माणसांचे थेंबही नकोत. आणि कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ केलं, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या, तर थांबवा. माझ्याकडे येण्याआधी गावातल्या एकाने राजाला सूज उतरवायला म्हणून स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं दिली होती. चार दिवस राजा ताजातवाना वाटला. बुरशीला त्या काळात मोकळं रान मिळालं. स्टेरॉइड शरीराची लढाईच दाबून टाकतं.

तपासण्या, आणि त्यांचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण चुकला तर भूल दोनदा द्यावी लागते.

आधी रक्त. पूर्ण रक्तगणना, प्लेटलेट, गोचिडाच्या आजारांची चाचणी, यकृत आणि मूत्रपिंडं, रक्त गोठण्याचा वेळ. शक्य असेल तिथे रक्तदाबही. यातून बुरशी सिद्ध होत नाही, पण रक्त येण्याची बाकीची कारणं बाजूला होतात आणि भूल देणं सुरक्षित आहे का ते कळतं. रक्तात अॅस्परजिलसविरुद्धची प्रतिद्रव्यं तपासता येतात. ती चाचणी होकारार्थी आली तर संशय पक्का होतो, पण नकारार्थी आली म्हणून बुरशी नाही असं धरता येत नाही. गॅलॅक्टोमॅनन नावाची चाचणी माणसांत चालते, कुत्र्याच्या नाकातल्या बुरशीत तिच्यावर भरवसा ठेवू नका.

मग पूर्ण भूल. भूल चढली की पहिल्यांदा तोंड उघडून प्रत्येक वरच्या दाताच्या कडेने बोथट सळई घालून खोली मोजायची. त्यानंतर फोटो, म्हणजे सीटी स्कॅन किंवा एक्स-रे. दुर्बीण आणि नमुने सगळ्यात शेवटी, कारण नमुने घेताना रक्त येतं आणि रक्ताने भरलेलं नाक स्कॅनवर ओळखू येत नाही.

सीटी स्कॅन मिळत असेल तर तोच करा. सुरळ्या किती उरल्या, कपाळाच्या हाडातल्या पोकळीत काही भरलंय का, हे तो दाखवतो. त्याहून मोठं काम म्हणजे नाक आणि मेंदू यांच्यामधलं चाळणीसारखं पातळ हाड शाबूत आहे का, हे त्यातच कळतं. ते हाड फुटलेलं असेल तर नाकात भरलेलं औषध मेंदूपर्यंत जाऊ शकतं, आणि उपचाराचा सगळा बेत बदलतो. सीटी नसेल तिथे तोंडात प्लेट ठेवून वरच्या जबड्याचा एक्स-रे काढायचा. निरोगी बाजूला बारीक जाळीदार रेषा दिसतात. बुरशीच्या बाजूला त्या नाहीशा होऊन काळी पोकळी दिसते.

आपल्याकडे हे कुठे होईल? मुंबईत परळ, साताऱ्यात शिरवळ, तसंच नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचे दवाखाने आहेत. मोठ्या शहरांत खासगी दवाखानेही आहेत. जाण्यापूर्वी फोन करून दोनच गोष्टी विचारा: नाकाची दुर्बीण आहे का, आणि सीटी तुमच्याकडे होतो की बाहेर पाठवता. हे न विचारता कोल्हापूरहून पुण्याला कुत्रं घेऊन गेलेली आणि नुसता एक्स-रे काढून परतलेली माणसं मी पाहिली आहेत.

राजाबरोबर मी स्वतः गेले होते. दुर्बीण उजव्या नाकपुडीतून आत गेली, शेंबूड ओढून काढला आणि पडद्यावर आतलं दिसू लागलं. जिथे गुलाबी सुरळ्यांची दाटी असायला हवी तिथे गुहेसारखी मोकळी जागा होती. तिच्या भिंतीवर, शिळ्या भाकरीवर येते तशी, राखाडी-हिरवट बुरशीची गादी बसली होती. कडा पांढऱ्या, मऊ, लव असल्यासारख्या. चिमट्याने टोक उचललं तर गादी अखंड सुटून आली आणि खालचं अस्तर भाजल्यासारखं लाल दिसलं.

नमुना त्या गादीतूनच घ्यायचा. हे मी जोर देऊन सांगते. नाकातून बाहेर आलेल्या शेंबडाचा स्वॅब प्रयोगशाळेत पाठवून काही उपयोग होत नाही. बुरशी असूनही त्यात पुष्कळदा सापडत नाही, आणि उलट निरोगी कुत्र्याच्या किंवा गाठ असलेल्या कुत्र्याच्या नाकातल्या स्वॅबवरही अॅस्परजिलस उगवू शकते, कारण ती हवेतच असते. दुर्बिणीतून दिसणाऱ्या गादीचा तुकडा दोन काचांमध्ये दाबून, रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की आडव्या पडद्यांनी विभागलेले आणि लहान कोनात फांद्या फुटलेले तंतू दिसतात. त्या दिवशी पाच मिनिटांत उत्तर मिळालं. उरलेला तुकडा बायोप्सीला आणि कल्चरला पाठवला. नाकात गादी दिसली नाही पण स्कॅनमध्ये कपाळाची पोकळी भरलेली असेल, तर कपाळाच्या हाडाला बारीक भोक पाडून आत पाहावं लागतं. काही कुत्र्यांत बुरशी फक्त तिथेच लपलेली असते.

उपचार

मालकांचा पहिला प्रश्न असतो, "गोळ्यांनी नाही का जमणार?" नुसत्या गोळ्यांवर बरी होणारी कुत्री आहेत, पण कमी आहेत, आणि वेळ महिन्यांचा लागतो. बुरशी अस्तराच्या वर बसलेली असते, रक्तातून जाणारं औषध तिथे पुरेसं पोचत नाही. म्हणून औषध थेट बुरशीवर नेऊन ठेवावं लागतं. त्याआधी एक काम: दुर्बिणीतून, चिमट्याने आणि सलाईनच्या धारेने जेवढी गादी निघेल तेवढी काढायची. हे कंटाळवाणं काम आहे, कधी दोन तास चालतं, पण जिथे ते नीट होतं तिथे औषध लागतं. वरच्या थराला औषध लागून खालची बुरशी जिवंत राहिली तर महिन्याने सगळं परत.

मग क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं औषध, १ टक्का, पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेलं. श्वासनळीत फुगा असलेली नळी घट्ट बसवलेली असते. दुसरी फुग्याची नळी तोंडातून वळवून टाळूच्या मागे नेऊन फुगवतात, म्हणजे औषध घशात उतरत नाही. घशात मोजून गॉज ठेवतात. दोन्ही नाकपुड्यांतून बारीक नळ्या आत, आणि नाकपुड्या फुग्यांनी बंद. मोठ्या कुत्र्याला एका बाजूला साधारण ५० ते ६० मिलिलिटर औषध सावकाश भरतात. मग एक तास. पाठीवर १५ मिनिटं, डाव्या कुशीवर १५, उजव्या कुशीवर १५, पुन्हा पाठीवर १५, म्हणजे प्रत्येक कोपरा औषधात भिजतो. शेवटी डोकं खाली करून सगळं गाळून, ओढून काढतात, गॉज मोजून बाहेर घेतात, आणि कुत्रं नीट गिळू लागेपर्यंत श्वासनळीतली नळी काढत नाहीत.

औषधाचा पाया कोणता हे डॉक्टरला विचारा. प्रॉपिलीन ग्लायकॉलमधलं द्रावण घशाला सूज आणतं, श्वास अडकू शकतो. आणि कृपा करून औषधाच्या दुकानातून क्लोट्रिमाझोल आणून घरी नाकात घालू नका. दुकानातल्या पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर बेक्लोमेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं असतं, कानाच्या थेंबांत बधिर करणारं औषध असतं. शिवाय जागं कुत्रं ते शिंकून टाकतं नाहीतर श्वासनळीत ओढून घेतं.

दुसरी रीत कपाळाच्या पोकळीतून. हाडाला भोक पाडून आत क्लोट्रिमाझोलच्या द्रावणाने धुऊन मग १ टक्का मलम भरून ठेवायचं. ते हळूहळू खाली उतरत राहतं. भूल कमी वेळ लागते, आणि पोकळीतल्या बुरशीला हे जास्त चांगलं लागू पडतं. भोकाच्या आसपास कातडीखाली हवा साचून कपाळ फुगल्यासारखं वाटलं, दाबल्यावर चरचर आवाज आला, तर घाबरू नका, ती काही दिवसांत जिरते. काही ठिकाणी क्लोट्रिमाझोलऐवजी एनिलकोनाझोल वापरतात.

एका वेळेत सगळ्यांचं भागत नाही. जवळपास निम्म्या कुत्र्यांना दुसऱ्यांदा करावं लागतं, काहींना तिसऱ्यांदा. पैशांचा हिशोब करताना दोनदा धरूनच करा. पहिल्या वेळेनंतर खिसा रिकामा झाला म्हणून मध्येच सोडलेली कुत्री मला आठवतात, आणि आधी कोणीतरी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं दर वेळी वाटतं.

चाळणीचं हाड फुटलेलं असेल, किंवा भूल झेपणार नसेल, तेव्हा गोळ्या. इट्राकोनाझोल, साधारण दर किलोला ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, काही महिने. नेमका डोस तुमचा डॉक्टर ठरवील. कॅप्सूल जेवणाबरोबर, थोडं तूप किंवा अंडं असलेल्या खाण्यातून द्या, त्याने ती नीट शोषली जाते. आणि आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत सवयीने येणारी पित्ताची गोळी, पँटोप्राझोल, ती याबरोबर चालू ठेवू नका. पोटातलं आम्ल कमी झालं की कॅप्सूल शोषलीच जात नाही. महिन्याला यकृताची रक्ततपासणी करा. खाणं बंद झालं, उलट्या होऊ लागल्या, डोळे पिवळे दिसले, पायांवर फोड-जखमा आल्या तर गोळी थांबवून लगेच फोन करा. व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही पुढची औषधं आहेत, पण महाग आहेत.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस नाकातून गुलाबी पाणी, औषधाचा चिकट स्राव, थोडं रक्त येतं. जमिनीवर जुनी चादर अंथरा. कुत्र्याला वास येत नाही म्हणून ते खात नाही, त्यामुळे अन्न कोमट करून, मऊ करून द्या. मटणाचं कोमट पाणी भातावर घातलं की बहुतेक तोंड लावतात. कांदा-लसूण नको. नाक दिवसातून तीन-चारदा कोमट ओल्या कापडाने पुसा. माणसांच्या नेब्युलायझरमध्ये नुसतं सलाईन घालून दहा मिनिटं वाफारा दिला तर खपल्या मऊ होऊन सुटतात. गळ्यातला पट्टा काही दिवस काढून अंगाला घालायचा हार्नेस वापरा. फिट आली, चालताना तोल जाऊ लागला, कुत्रं भान हरपल्यासारखं वागू लागलं, धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, हे ठरवूनच घरी जा. शेंबूड थांबला म्हणजे बुरशी गेली असं नाही, आणि उलट शेंबूड राहिला म्हणजे बुरशी आहे असंही नाही. राजाचं नाक चौथ्या आठवड्यात कोरडं होतं, सगळे खूश होते, मालक म्हणाले आता कशाला पुन्हा भूल. मी हट्टाने नेलं. नाक साफ होतं, पण उजव्या कपाळाच्या पोकळीत बोराएवढी गादी होती. भोक पाडून ती काढली, मलम भरलं. त्यानंतरच्या दुर्बिणीत काही सापडलं नाही.

राजाच्या सुरळ्या परत आल्या नाहीत. थंडीत त्याच्या उजव्या नाकपुडीतून पाणी येतं, कधी ते पिवळं होतं, आणि तेवढ्यापुरतं जिवाणूंचं औषध लागतं. त्याच्या घरच्यांना हे माहीत आहे, म्हणून ते घाबरत नाहीत. पाणी रक्ताळलं, किंवा त्याने पुन्हा डोक्यावर हात लावू देणं बंद केलं, तर कळवायचं, एवढं ठरलेलं आहे.

गुऱ्हाळावर आता त्याची झोपायची जागा बदलली आहे. पूर्वी तो चिपाडाच्या ढिगात खड्डा करून झोपायचा. आता ओसरीवर लाकडी बाज आहे, वर पोतं, ते आठवड्याला उन्हात पडतं. नाकपुडीची कड बहुतेक काळी झाली आहे. आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका अजून गुलाबी आहे. राजा टेबलावर चढला की मी आधी नाक पुसते आणि तो ठिपका बघते.